बारा अंश

रिकाम्या शाळेचा बॉयलर मी रोज पहाटे बघतो.
बारा अंश. कमी नाही, जास्त नाही.
नळ गोठून फुटले तर विमा मिळत नाही,
आणि इमारत विकायची आहे, म्हणून
कुम हेस्गिनची ही शाळा, जिच्यात आता कुणीच नाही,
ऊबदार ठेवायचा पगार मला मिळतो.

विकायची आहे, हे तीन वर्षं चाललंय.
कौन्सिलच्या कागदावर ती विकली गेलीसुद्धा.
किंमत धरली, जमेच्या बाजूला लिहिली,
तिच्यातूनच नव्या शाळेवर छप्पर घातलं.
बाजारात तुरी.
कार्डिफहून एकजण आला होता, फ्लॅट करू म्हणाला,
भिंतीवर टकटक केलं, ओल बघितली,
माझ्याकडचा चहा प्यायला. पुन्हा फोन नाही.

तीन शाळांची एक शाळा.
पडद्यावर चित्र दाखवलं तेव्हा
चित्रातली झाडंही मोठी झालेली होती.
एलिनेड बेव्हननं विचारलं, मुलं मोजलीत कधी?
तर, कारखाना बंद पडला त्या वर्षी.
अर्धी दरी तेव्हा कामासाठी बाहेर गेलेली.
पुढे घरं स्वस्त झाली, गेलेले परतले,
सीरियाहून दोन कुटुंबं आली, एकात पाच पोरं.
आकडा मात्र आपल्या खुर्चीत बसून राहिला
म्हणून पोरांना खुर्च्या कमी.

अंतरही मोजलं. नकाशावर फूटपट्टी ठेवून.
पावणेदोन मैल. दोनच्या आत, तेव्हा बस नाही.
फूटपट्टीला नदी लागत नाही.
आम्हाला लागते. पूल खाली आहे, गिरणीपाशी.

मग पोलाद महागलं.
ठेकेदार एका शुक्रवारी गेला तो सोमवारी आला नाही.
जेवणघर दुसऱ्या टप्प्यात गेलं.
दुसरा टप्पा कुठे गेला, त्याची नोंद सापडत नाही.
कळस चित्रात, पाया चिखलात,
आणि मैदानावर पत्र्याच्या सहा खोल्या, भाड्याच्या.
ते भाडं, नेरिस सांगते
(हिशेबखात्यात आहे, माझ्या मेव्हणीची मुलगी),
वेगळ्या खात्यातून जातं, म्हणून दिसत नाही.

जानेवारीत दोन हीटर एकदम लावले की फ्यूज उडतो.
चौथीची पोरं हातमोजे घालून लिहितात.
त्यांच्या वह्या मी पाहिल्यात. अक्षरं जाड,
एकमेकांना खेटून उभी.

त्या मंगळवारी उणे सहा होतं.
सव्वादहाला फाटकाशी आवाज.
टेगवेन प्रोबर्ट, आणि मागे जोडीजोडीनं सव्वीस पोरं,
पूल ओलांडून आलेली, नाकं लाल.
तिनं काही मागितलं नाही.
म्हणाली, "मायरिग, तुझ्याकडे बारा आहे ना?"

माझ्या कमरेला एकतीस किल्ल्या.
सही करून घेतलेल्या. सहीच्या वर तीन ओळी,
कुणालाही आत सोडायचं नाही, एवढाच त्यांचा अर्थ.
चौथीच्या वर्गाची किल्ली शोधायला मी जरा वेळ लावला.
खरं तर ती मला अंधारातही सापडते.

बाकं नव्हती, लिलावात गेलेली.
पोरं जमिनीवर बसली, पाइपांना पाठ लावून,
आणि पहिली पाच मिनिटं कुणी बोललंच नाही.
मग त्या पाचांतल्या एकानं एक हातमोजा काढला.
मग दुसरा.

नोंदवहीत रोज एक ओळ लिहावी लागते.
लिहिलं: नळ तपासले. फुटलेले नाहीत.
तापमानाच्या रकान्यात सवयीनं बारा लिहिणार होतो.
चौदा झालं होतं.
तेच लिहिलं.